मोडीतून वाचलेली पदकं

संस्थानी पदकं इतकी कमी का सापडतात, याचं पहिलं उत्तर सराफाच्या मुशीत आहे. संस्थानं विलीन झाली, आजोबांनी दरबारात मिळवलेलं चांदीचं पदक ट्रंकेच्या तळाशी गेलं, आणि पुढे घरात लग्न निघालं, दुखणं आलं किंवा नुसताच चांदीचा भाव चढला की ते मोडीत निघालं. सराफाने फीत कापून टाकली, पदक काट्यावर ठेवलं, पैसे मोजले. त्यावर नाव कोणाचं, साल कोणतं, हे ना घेणाऱ्याने पाहिलं ना देणाऱ्याने. एकच पदक सोनं, चांदी आणि ब्राँझ अशा तीन दर्जांत निघालेलं असेल, तर त्यातलं सगळ्यात हलकं आज हाताला लागण्याची शक्यता जास्त. ब्राँझला मोड नव्हती, हेच त्याचं नशीब.

असं एखादं पदक हाती आलं तर ते वाचायचं कसं, हे इथे सावकाश सांगतो. विकत घेण्याची गोष्ट त्यानंतरची. वाचता येत नसताना जो घेतो, त्याचा संग्रह दुसऱ्याच्या बोलण्यावर उभा राहतो.

सुरुवातीला चार गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण विकणारा त्या एकाच ताटात मांडतो. पहिली म्हणजे संस्थानाने स्वतः दिलेली पदकं: राज्यारोहणाची, महोत्सवांची, फौजेतल्या सेवेची, शौर्याची, शाळेत पहिला आल्याची, प्रदर्शनात चांगला कापूस आणल्याची. दुसरी, इंग्रज सरकारने संस्थानिकांना आणि त्यांच्या दरबाऱ्यांना दिलेली. १८७७ मध्ये व्हिक्टोरिया राणी ‘कैसर-ए-हिंद’ झाली तेव्हाचं पदक राजेरजवाड्यांना सोन्याचं आणि खालच्यांना चांदीचं होतं. १९०३ आणि १९११ च्या दिल्ली दरबारांची पदकं याच जातीची. तिसरी, संस्थानी फौजेतल्या शिपायांना लढाईबद्दल मिळालेली साम्राज्याची पदकं. आणि चौथी, जी पदकं नाहीतच पण तशी खपवली जातात: चपराशी, नाकेदार, हुजऱ्या यांच्या पट्ट्यावरचे पितळी बिल्ले. अशा बिल्ल्याला चपरास म्हणत, आणि ती लावणारा तो चपराशी. नवख्याने सुरुवात या बिल्ल्यांपासूनच करावी असं मी म्हणेन. स्वस्त असतात, त्यांवर संस्थानाचं नाव आणि खातं ठळक लिहिलेलं असतं, आणि डोळा तयार होतो.

या वर्गवारीत न बसणारी एक वस्तू मराठी माणसाने निदान एकदा तरी पाहावी. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनियार अशा दोन ठिकाणी ग्वाल्हेरच्या फौजेशी कंपनी सरकारची लढाई झाली. ग्वाल्हेरच्या तोफा कंपनीच्या हाती पडल्या. त्या तोफांचं ब्राँझ वितळवून कलकत्त्याच्या टाकसाळीत सहा टोकांचे तारे पाडले गेले, वर मधोमध चांदीचा लहान तारा, त्यावर लढाईचं नाव आणि तारीख. हा ‘ग्वाल्हेर स्टार’ जिंकणाऱ्यांच्या छातीवर गेला. मूळ ताऱ्याला कडी नसे, मागे अडकवायचा आकडा असे. पुढे ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने कडी बसवून घेतली, त्यामुळे दोन ताऱ्यांच्या कड्या जुळल्या नाहीत तर लगेच खोटं म्हणून हात झटकू नयेत. पनियारचा तारा महाराजपूरच्या ताऱ्यापेक्षा कमी मिळतो. संस्थानाच्या तोफा, पदक मात्र संस्थानाचं नव्हे.

त्याच्या उलट टोकाला जम्मू-काश्मीरचं पदक. १८९५ मध्ये चित्रळच्या किल्ल्याला वेढा पडला, आत काश्मीर दरबारचे शिपाई होते. महाराजा प्रतापसिंहांनी त्यांच्यासाठी स्वतःचं ब्राँझ पदक काढलं. ते लंडनच्या गर्नी या कारखान्यात तयार झालं, वर ‘चित्रळ १८९५’ अशी पट्टी. आकार गोल नाही, मूत्रपिंडासारखा आहे. एकदा पाहिलं की विसरत नाही. राजाने आपल्या शिपायांना आपल्या नावाने पदक द्यावं ही गोष्ट वाटते तितकी साधी नव्हती. सार्वभौम एक, तेव्हा मानही त्याच्याच दारातून यावा, अशी इंग्रज सरकारची धारणा. संस्थानिकांनी आपापले ‘ऑर्डर’, म्हणजे मानाच्या श्रेणी, काढणं सरकारला रुचत नसे. महोत्सवाचं पदक मात्र निरुपद्रवी. संस्थानी पदकांत महोत्सवांची इतकी गर्दी दिसते, तिचं एक कारण मला इथेच दिसतं.

आता वाचन. पदक हातात घेतलं की प्रथम चिन्ह पाहायचं, अक्षरं नंतर. होळकरांचा किरणांचा सूर्यमुखवटा, शिंद्यांचा फणा काढलेला नाग, बडोद्याची समशेर, म्हैसूरचा दोन डोक्यांचा गंडभेरुंड, त्रावणकोरचा शंख, हैदराबादचा चारमिनार. यातली बरीच चिन्हं त्या त्या संस्थानाच्या नाण्यांवरही आहेत, आणि नाणी पदकांपेक्षा कितीतरी सहज मिळतात. म्हणून मी नेहमी सांगतो, ज्या संस्थानाची पदकं जमवायची त्याची चार तांब्याची नाणी आधी घ्या आणि महिनाभर टेबलावर ठेवा.

मग अक्षरं. इथे मराठी वाचणाऱ्याकडे आयतं भांडवल आहे. बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास ही संस्थानं आजच्या महाराष्ट्राबाहेरची, पण घराणी मराठी आणि लेखन बऱ्याच अंशी देवनागरीत किंवा मोडीत. बडोद्याच्या नाण्यांवर गायकवाडांच्या नावामागून ‘सेनाखासखेल समशेर बहादूर’ ही पदवी येते. परदेशी संग्राहक ती अक्षरं चित्रासारखी जुळवून पाहतो, आपण ती सरळ वाचतो. ‘सेनाखासखेल’ हा शब्द एकसंध, नीट मात्रांसकट उमटला आहे की वेड्यावाकड्या रेघांनी नुसता सूचित केला आहे, हे आपल्याला क्षणात कळतं. अक्षर न कळणाऱ्या कारागिराने केलेली नक्कल बहुधा काना-मात्रेत पकडली जाते. मोडी शिकणं सक्तीचं नाही, पण पदकासोबत जर एखादा कागद आला तर तो मोडीत असण्याचा संभव असतो, आणि तेव्हा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावं लागतं.

नावांत एक खोडा आहे. संस्थानांत नावं फिरून फिरून येतात. इंदूरला दुसरे तुकोजीराव १८४४ ते १८८६, तिसरे १९०३ ते १९२६. कोल्हापूरला एक राजाराम महाराज १८७० मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला वारले, त्यांच्यानंतरचे राजाराम महाराज १९२२ ते १९४० या काळातले. पदकावर नुसतं ‘राजाराम’ असेल तर कडी, अक्षराचं वळण आणि चेहरा यांवरून ठरवावं लागतं. कधी उलट, नावच सगळं सांगून टाकतं: ‘जॉर्ज जिवाजीराव’ असं दिसलं की ग्वाल्हेर, आणि १९२५ नंतरचं. पंचम जॉर्जच्या नावावरून ठेवलेलं ते नाव दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही.

नवखा सर्वांत जास्त अडखळतो तो सालावर. पदकावर इसवी सन असलाच पाहिजे असं नाही. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. मात्र संवत गुजरातेत दिवाळीनंतर बदलतो आणि उत्तरेत चैत्रात, त्यामुळे वर्षाच्या काही महिन्यांना ५६ लागू पडतात. बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांच्या सुवर्णमहोत्सवी रुपयावर १९९४ आहे, म्हणजे १९३७. शक असेल तर ७८ मिळवा. हैदराबादेत हिजरी आणि फसली (महसुली) साल दोन्ही चालत. फसलीत ५९० मिळवायचे, क्वचित ५९१. हिजरीला सरळ बेरीज चालत नाही, कारण चांद्र वर्ष ११ दिवसांनी लहान, आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की जवळपास उत्तर येतं. १३५५ ला गुणून पाहा, १९३६ येईल. आणि इथेच गंमत आहे. हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान १९११ च्या ऑगस्टमध्ये गादीवर आले, रौप्यमहोत्सव १९३६ चा. पण त्या वर्षाच्या जानेवारीत पंचम जॉर्ज वारले आणि समारंभ १९३७ च्या फेब्रुवारीवर गेला. हिजरी साल मात्र तेव्हाही १३५५ च होतं. इंग्रजी पुस्तकात १९३७ आणि तुमच्या हिशेबात १९३६ आलं, तर दोघंही बरोबर असू शकता.

बडोद्याचं कोडं याहून गोड. सयाजीराव महाराजांचा रौप्यमहोत्सव १९०७ मध्ये झाला आणि सुवर्णमहोत्सव १९२६ मध्ये. पंचवीस आणि पन्नास यांच्यात १९ च वर्षं! कारण पहिला हिशेब धरला राज्यकारभाराची सूत्रं हाती आल्यापासून, म्हणजे १८८१ च्या अखेरीपासून, आणि दुसरा १८७५ मध्ये कवळाण्याचा मुलगा दत्तक जाऊन गादीवर बसला तिथपासून. हीरकमहोत्सव १९३६ मध्ये, तोही १८७५ पासूनच. हा हिशेब ठाऊक नसलेला माणूस अगदी अस्सल पदक ‘साल जुळत नाही’ म्हणून परत करतो. मी करता करता थांबलो आहे.

पुढचं काम कडेचं. पदक बनतं कसं हे कळलं की कड बोलू लागते. चांगल्या पदकाचा पोलादी साचा कोरला जातो आणि धातूच्या चकतीवर तो प्रचंड दाबाने ठोकला जातो. धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात घुसतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार आणि मोकळी जागा काचेसारखी सपाट येते. संस्थानांची अशी कामं कलकत्ता आणि मुंबईच्या टाकसाळींत होत, लंडन-बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत होत, आणि मद्रास-कलकत्त्याच्या मोठ्या जवाहिऱ्यांकडेही. इंग्लंडात बनलेल्या चांदीच्या वस्तूवर हॉलमार्क सापडला तर अर्धं काम झालं: चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, आणि शेजारचं एकटं अक्षर म्हणजे तपासणीचं वर्ष. हे वर्ष महोत्सवाच्या पुष्कळ नंतरचं निघालं तर विक्रेत्याला कारण विचारायचं.

नक्कल करणारा साचा कोरत बसत नाही. तो अस्सल पदकाचा ठसा घेतो आणि त्यात धातू ओततो. ओतीव पदक थंड होताना किंचित आकसतं, म्हणून ३६ मिलिमीटरचं असायला हवं ते अर्ध्या मिलिमीटरने लहान भरतं. पृष्ठभागावर भिंगातून बारीक खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत, आणि कडेवर सांधा घासल्याची रेघ. माझ्या संग्रहातलं एक पदक असंच आहे. एका आठवडी बाजारात घाईने घेतलं, कारण शेजारी उभा असलेला माणूसही त्याच्याकडे पाहत होता. घरी येऊन कॅलिपर लावला आणि गप्प बसलो. ते फेकलं नाही. नवीन काही आलं की शेजारी ठेवून पाहायला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

धातूची परीक्षा घरी करता येते आणि त्यासाठी कसोटीच्या दगडावर पदक घासायची मुळीच गरज नाही. दोन दशांश दाखवणारा डिजिटल काटा घ्या. पदक कोरडं तोला, समजा ३१.२ ग्रॅम भरलं. आता काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, आणि पदक बारीक दोऱ्याने पाण्यात असं धरा की ते पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही. काटा आता जो आकडा दाखवेल तो पदकाने सारलेल्या पाण्याचा. तो ३ ग्रॅम आला तर ३१.२ भागिले ३, म्हणजे १०.४, ही स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के चांदी. शुद्ध चांदी साडेदहाच्या आसपास येते. तेवढ्याच आकाराचं पितळेचं किंवा जर्मन सिल्व्हरचं पदक, वर चांदीचा मुलामा असला तरी, साडेआठाच्या आसपास अडकतं. मुलामा डोळ्याला फसवतो, पाण्याला नाही. मीनाकारी असलेल्या पदकाला ही परीक्षा लावू नये, आणि फीत शिवलेली असेल तर ती उसवून तर अजिबात नको.

लढाईच्या पदकांत वेगळी लबाडी चालते. साम्राज्याच्या बहुतेक पदकांवर शिपायाचं नाव आणि पलटण कडेवर उमटवलेली असते. संस्थानांनी साम्राज्याच्या कामासाठी उभ्या केलेल्या फौजा १८८९ पासून ‘इम्पीरियल सर्व्हिस ट्रूप्स’ म्हणून ओळखल्या जात, म्हणून पलटणीच्या नावात ‘आय. एस.’ ही अक्षरं शोधायची. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सरांनी हैफा शहर घेतलं, तेव्हापासून जोधपूर लान्सर्सच्या साध्या युद्धपदकालाही मागणी असते. मग कोणीतरी एखाद्या सामान्य पलटणीच्या पदकाची कड घासून नवीन नाव कोरतो. घासलेली कड बोटाला किंचित खोलगट लागते. कॅलिपरने चार दिशांना व्यास मोजला की फरक निघतो. अक्षरं ठोकून उमटवलेली आहेत की कोरलेली, हेही पाहावं. त्या काळी त्या पदकावर कोणती पद्धत होती हे आधी माहीत असायला हवं, इतकंच.

धातू झाला, आता कागद. सनद, मानपत्र, दरबाराच्या आमंत्रणाची पत्रिका, पदक लावून काढलेला फोटो, यांतलं काही पदकासोबत आलं तर दोन पैसे जास्त द्यावेत आणि घासाघीस करू नये. कागद नसेल तर शोधता येतो. बडोद्याचं सरकारी गॅझेट ‘आज्ञापत्रिका’ या नावाने निघे, ग्वाल्हेरचं ‘जयाजी प्रताप’ साप्ताहिक होतं, आणि मोठ्या संस्थानांचे वार्षिक कारभाराचे अहवाल छापले जात. ‘राजरत्न’, ‘राजमित्र’ असे बडोद्याचे मान कोणाला मिळाले हे अशा कागदांत शोधावं. ‘राजरत्न’ माणिकरावांचं नाव व्यायामशाळांत घेतलं जातं, पण ती पदवी बडोदा दरबारची होती हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. या विषयावर एकच पुस्तक घ्यायचं तर टोनी मॅक्लेनाघन यांचं १९९६ चं ‘इंडियन प्रिन्सली मेडल्स’. संस्थानवार नोंदी आहेत. त्यात एखादं पदक नसलं म्हणजे ते खोटं असं मात्र समजू नये. शाळा-तालमींची पदकं अशा यादीत बसवणं कोणालाच शक्य नाही.

बाजाराचा कल एका वाक्यात सांगता येतो: संस्थानाला किती तोफांची सलामी होती, त्यावर भाव चढतो. हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, ग्वाल्हेर आणि काश्मीर ही २१ तोफांची पाच संस्थानं, आणि मोठ्या लिलावात बोली त्यांच्याभोवती फिरते. सांगली, मिरज, जमखंडी, औंध, भोर, फलटण यांची एखादी वस्तू निघाली तर खोलीत शांतता असते. मला हे उलटं वाटतं. २१ तोफांच्या दरबाराने पदकं मुबलक पाडली असतील. लहान संस्थानाने एकदाच, मोजक्या माणसांसाठी. ज्यांचं मूळ गाव या दक्षिणी संस्थानांत आहे, त्यांनी लिलावाच्या कॅटलॉगआधी आपल्याच चुलत्यांच्या ट्रंका पाहाव्यात. कोल्हापूर आणि बडोद्याच्या पायदळाच्या पलटणी पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत १९ आणि २० क्रमांकाच्या झाल्या. त्या घरांतून संस्थानी आणि स्वतंत्र भारताची पदकं एकाच डब्यात मिळण्याची शक्यता आहे. तो डबा फोडू नये. पदकं वेगळी विकली की त्या माणसाची नोकरी तुटते.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ चा पुरावस्तू कायदा १०० वर्षं पूर्ण झालेल्या वस्तूला पुरावस्तू मानतो, म्हणजे ही रेघ दर वर्षी पुढे सरकते. सयाजीरावांच्या सुवर्णमहोत्सवाचं पदक १९२६ चं, त्याची शंभरी २०२६ ची. देशात अशी वस्तू बाळगायला आडकाठी नाही, पण तिचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर न्यायची खासगी माणसाला बंदी आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातवाने पणजोबांचं पदक सहज म्हणून सामानात टाकू नये. वय शंभरच्या आत असेल आणि शंका येण्याजोगं असेल, तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला घेता येतो. जमिनीत सापडलेल्या वस्तूला वेगळा, १८७८ चा कायदा लागू होतो. तिची खबर कलेक्टरला द्यावी लागते. राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने पदव्या गेल्या, पण जुनं पदक पेटीत ठेवायला कोणाची हरकत नाही.

राहिली निगा. चिंच, रांगोळी, राख, टूथपेस्ट, यांतलं काहीही लावू नका. काळपटपणा हा पदकाच्या वयाचा भाग आहे आणि चकचकीत घासलेल्या पदकाला जाणकार कमी किंमत देतो. रबरबँडने चांदी काळी पडते, पीव्हीसीच्या मऊ पाकिटात तांब्यावर हिरवा चिकटा धरतो. साधं आम्लविरहित कागदाचं पाकीट, डब्यात सिलिका जेलची पुडी, आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात ती पुडी महिन्याला बदलायची. फीत विटलेली, कसर लागलेली असली तरी काढायची नाही. नवी फीत कोणीही शिवेल. जुन्या रेशमाचा रंग हा त्या पदकाचा एकमेव नमुना असू शकतो.

पाकिटावर पेन्सिलने लिहायचं: कुठून आलं, कोणाकडून, केव्हा, वजन, व्यास, पाण्यातला आकडा. ज्याच्या घरातून आलं त्याने सांगितलेली हकीकत वेगळ्या कागदावर, त्याच्याच शब्दांत, आणि खाली ‘ऐकीव’ असं लिहून.